एकवीस अंश

पिकअप खालीच राहिली, नाल्याच्या अलीकडे.
तिथून पाडा दीड तासाचा चढ
आणि एकेक बॅटरी पंचावन्न किलो.
दिलवर आणि जात्र्यानं ती बांबूला टांगली,
आजारी माणसाला धडगावला नेतात तशी,
फक्त या वेळी झोळी
वर चालली होती.

शहाद्याहून निघताना आई म्हणाली,
"पोऱ्या, डोकाले रुमाल बांध, ऊन लागी जाई."
तिला कसं सांगू, ऊन लागावं
म्हणूनच तर चाललोय.

माळ उघडा. साग पानं टाकून उभे.
घरं तेरा, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर,
म्हणजे इथल्या हाकेच्या.
माझी पहिल्या अंगणातच बसली.
पॅनल छपरावर, असं कागदात होतं.
कौलं पाहिली, पोखरलेले वासे पाहिले,
आणि अंगणात खांब रोवायचं ठरवलं.
फोनला रेंज नव्हती, होकायंत्र चालत होतं.
मी दक्षिण दाखवली तर खात्र्या पावरा हसला.
दक्षिण त्याच्या बैलालाही ठाऊक होती.
एकवीस अंश कलतं हवं, मी म्हटलं.
त्यानं एक डोळा मिटून हात तिरका धरला.
मोजलं, तर वीस.
उरलेला एक अंश
मी माझ्या पगारासाठी वाढवला.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा पडला, तोवर ठीक.
मिठाची पिशवी फोडली आणि मोगीबाईनं मनगट धरलं.
मीठ बाजारातून येतं, आठवड्यातून एकदा,
डोक्यावरून.
ते मातीला चारायचं?
विजेला जमिनीत उतरायला लागतं, मी म्हणालो.
ती बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिली,
मग अर्धी पिशवी घरात घेऊन गेली.
अर्ध्यावर भागलं. मीटरनं तक्रार केली नाही.

संध्याकाळी पहिला दिवा.
टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
कुडावरची काजळी दिसली, आढ्याची जळमटं,
टोपलीखालची कोंबडी,
जी रात्रभर सकाळच समजत राहिली.
मोगीबाईनं झाडू उचलला:
एवढं सगळं दाखवायची काय गरज होती?

नऊ दिवसांनी निरोप. दिवा लवकर मरतो.
पुन्हा चढ, पुन्हा रुमाल.
बॅटरीचं पाणी बरोबर, तारा घट्ट.
बाहेर येऊन मान वर केली
तर काचेच्या उतारावर, खालून काठी बांधून,
कैरीच्या फोडी.
ओळीनं. पांढऱ्या. कडेला किंचित वळलेल्या.

मी ओरडायला तोंड उघडलं.
तिनं त्यात एक फोड ठेवली.
खाली चार दिवस लागतात, म्हणाली, इथे दोन.
माती नाही, बकऱ्या नाहीत.
मी समजावू लागलो: ऊन या डब्यात जातं,
रात्री दिव्यातून निघतं.
ते कळलं, ती म्हणाली. माझंही तेच चाललंय.
तुझ्या डब्यातलं टिकतं किती?
दोन रात्री.
तिनं कणगीमागून मडकं ओढलं.
गेल्या उन्हाळ्याचं आमचूर,
काळपट पडलेलं,
आणि अजून दात आंबवणारं.

नोंदवहीत 'बिघाडाचं कारण' असा रकाना आहे.
मी 'सावली' लिहिलं.
खोटं नाही.

मग आमचा करार झाला:
तीन वाजेपर्यंत काच दिव्याची,
पुढे कैरीची.
काठी तेवढी पक्की करून दिली.

निघताना बाकीचे खांब बघितले.
सहावर फोडी होत्या,
एकावर कुणाचं तरी धोतर.
आणि दिलवरच्या दाराशी तो बांबू,
कुडाला टेकलेला,
दोर अजून न सोडलेला.
बॅटऱ्या तर सगळ्या पोचल्या, मी म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
उतार होता, पाय आपोआप पडत होते,
जिभेवर आंबट.