शून्याच्या खाली

रोज सकाळी सहाला मी नदी वाचते.
धक्क्याशी एक लोखंडी पट्टी रोवलेली आहे,
पांढऱ्यावर काळे आकडे.
पाचाचा आकडा एका होडीने खरवडून नेला,
तेव्हापासून पाच आला की मी अंदाजाने पाच म्हणते.
मग वायरलेसवर :
पुएर्तो करांदाय, दोन मीटर चौदा, वारा दक्षिणेचा.
पलीकडचा माणूस म्हणतो, "ठीक."
नऊ वर्षांत त्याने माझं नाव विचारलं नाही,
मीही त्याचं.
एकदा त्याला सर्दी झाली होती.
मी म्हटलं, लिंबू घे.
तो म्हणाला, ठीक.

एकतीस घरं, ताडाची खोडं उभी चिरून केलेली.
शाळेच्या भिंतीवर पुरांच्या रेघा,
सगळ्यात मोठी फळ्याच्याही वर;
तिच्याखाली बसून पोरं पाढे म्हणतात.
ग्वारानीत पाण्याला एकच स्वर आहे,
जीभ मागे ओढून घशातून काढायचा.
तपासणीला आलेल्या साहेबांना तो जमला नाही,
त्यांनी पाणी मागितलं ते स्पॅनिशमधून.

सोयाबीनचे तराफे जातात, सोळा-सोळा एकत्र बांधलेले,
आख्खं गाव मावेल एवढे. थांबत नाहीत.
त्यांची लाट तेवढी आमच्याकडे उतरते
आणि धुणं ओढून नेते.
थांबते ती रोसालिया, दर गुरुवारी :
पीठ, येर्बा, गॅसच्या टाक्या,
एकदा शवपेटी, आत कांदे भरलेली,
कारण जागा कशाला वाया घालवायची.
परत जाताना मासे, चीज,
आणि वर्षाकाठी एकदोन पोरी, ब्वेनोस आयरेसला,
दुसऱ्यांच्या फरशा पुसायला.
माझी दोघीतली थोरली त्यातच गेली.
फोनवर विचारते, आज किती?
मी सांगते. मग दोघी गप्प.

मार्चमध्ये एक इंजिनिअर आला.
धक्क्याच्या खांबाला त्याने एक पेटी लावली,
वर आरशाएवढं सौर पॅनेल, खाली नळी पाण्यात.
"आता तुम्हाला उठायला नको," म्हणाला.
वाईट नव्हता माणूस. उकडलेला मांदिओका दोनदा मागून घेतला.
मी कागदावर सही केली.
दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली ती आलीच.

मग नदी उतरू लागली.
एक मीटर. तीस. चार.
रोसालिया वाळूत रुतली ती तीन महिने.
पट्टीचा शून्य उघडा पडला,
खाली नुसतं लोखंड, शेवाळ वाळलेलं.
देर्लिस, सात वर्षांचा, म्हणाला,
शून्याच्या खाली पाणी कसं असेल?
शून्य म्हणजे तळ नव्हे रे, माझे वडील सांगायचे,
राजधानीत कुणी एकदा बोट ठेवून म्हटलं,
इथून मोजा.

तळातून काय काय वर आलं :
नांगर, बिनचाकाची सायकल,
आणि न्या ओब्दुलियाचं शिलाई मशीन,
मोठ्या पुरात गेलेलं.
तिने ते डिझेलने पुसलं, तेल घातलं,
सगळा गाव भोवती उभा.
हँडल एक फेरा फिरलं
आणि अडकलं.
"एक तर फिरलं," ती म्हणाली,
आणि दार उघडं राहावं म्हणून ते दाराला लावलं.

त्या आठवड्यात वायरलेस खरखरला.
करांदाय, तुमची पेटी गप्प आहे.
कुणी आहे का तिथे?
मी बाहेर जाऊन पाहिलं. नळी हवेत लोंबत होती.
सुताराची टेप घेतली, चिखलात गुडघाभर उतरले,
शून्यापासून खाली मोजलं.
उणे एकवीस, मी सांगितलं.
परत सांगा.
उणे एकवीस. पण वाहते आहे.

बराच वेळ नुसती खरखर.
मग तो म्हणाला, आपलं नाव?
फेलिसिआना, मी म्हटलं.
त्याने ते बहुधा आकड्याच्याच रकान्यात लिहिलं असावं,
कारण तो म्हणाला,
ठीक.