चौकोन, वर्तुळ

जयारोग्यच्या तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर भदौरिया, वय असेल तीस,
पेन्सिलीनं एक चौकोन काढते.
हे तुम्ही, अंकल.
चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई.
आजार असेल तर आत काळं करायचं.

मी कुळवृत्तांत आणलाय घरून,
सूटिंगच्या उरल्या तुकड्यात बांधून.
फौजेमागून ग्वाल्हेरीत कोण आलं, कुठे किती पडले,
नऊ पिढ्या, एकशे चौदा नावं.
सगळे चौकोन.

वडील? पाठदुखी, असं आम्ही म्हणायचो.
रात्री पाच-पाचदा उठायचे,
मोरीत उभे राहायचे खूप वेळ.
आई दिवा लावायची नाही,
त्यांना लाज वाटू नये म्हणून.
शेवटी हाडांत गेलं.
ती चौकोन भरते.

आजोबा?
दतियाच्या वाटेवर घोड्यावरून पडले,
कंबर गेली, उठलेच नाहीत.
ती प्रश्नचिन्ह काढते.
इतक्या वर्षांनी घोड्यावरचा आळ जरा ढिला होतो.

मग स्क्रीनवर एक आकडा.
रक्तातली शेकडो ठिकाणची अक्षरं वाचून काढलेला.
"पण जपून घ्या हा, अंकल.
ज्यांच्यावरून गणित बसवलं ते बहुतेक युरोपातले.
आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना धोका जास्त,
तरी वहीत त्यांची पानं थोडी.
आपली तर अजून थोडी."

तेहतीस वर्षं मिलमध्ये काढली, कळतं मला.
दुसऱ्याच्या मापाचा कागद आपल्या कापडावर ठेवला
तर खांदा बसतो कधीमधी,
काख नाही बसत.

आणि आपली म्हणजे कुणाची, बेटा?
फॉर्मवर रकाना एकच: दक्षिण आशियाई.
त्यात भिंडचे तुम्ही, साताऱ्याकडचे आम्ही,
खालचा सिंधी केमिस्ट, चहा आणणारा कमलेश कुशवाह.
दोनशे वर्षं एकमेकांच्या पंगतीत जेवलो,
सोयरिकी मात्र आपापल्या घरात.

"आत्या होत्या?"

पुस्तकात नाहीत.
पुस्तकात मुली नसतात.

होती एक. कृष्णाआत्या. उज्जैनला दिलेली.
चाळिशीत परत आली, पदराआड गाठ घेऊन.
पाटणकर बाजारातल्या मागच्या खोलीत
सहा महिने तिचं ताट आत जायचं, आणि बरंचसं तसंच बाहेर यायचं.
तिला काय झालंय हे
मला माझ्या लग्नानंतर कळलं.

पेन्सिल थांबते.
मग वडिलांच्या चौकोनाशेजारी ती वर्तुळ काढते
आणि भरत राहते, कडेपर्यंत.
"एकच अक्षर असू शकतं हे.
त्यांच्यात तिथे उमटलं, यांच्यात इथे.
तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

माझ्या चौकोनाखाली एक वर्तुळ आहे, रिकामं.
शाल्मली. भोपाळला असते. तिला दोन मुलगे.
लघवीबद्दल बाप लेकीशी बोलत नाही आमच्यात.
कुठून सुरू करू?

रक्त देऊन व्हरांड्यात बसलो,
दंडावर कापूस दाबून.
पेन्सिल माझ्याच खिशात आली होती, चुकून.
समासात लिहिलं: कृष्णा.
सासरचं आडनाव काही केल्या आठवेना.
माहेरचंच घातलं.
मग फोन काढला,
आणि कमलेशला म्हटलं, थांब, एक चहा दे आधी.