मार्चपर्यंत थांब

दोन लाख बारा हजार वेळा
उघडझाप केलीय याच्या पडद्याने.
कंपनीची हमी होती दीड लाखांची.
वरचे बासष्ट हजार फोटो
ही नुसती मेहेरबानी.

डाव्या कोपऱ्यात एक ठिपका मेलाय, लाल होऊन.
कधी तो आभाळात असतो,
कधी मेंढीच्या कानावर;
एकदा बिशपच्या पांढऱ्या टोपीवर जाऊन बसला
आणि घरी येऊन पुसेपर्यंत
मला घास गिळला नाही.

ज़्वोनिमिर मार्तिनिचचं दुकान
पुन्ता अरेनासच्या करमुक्त बाजारात, अगदी शेवटचा गाळा.
तिथे दार वाराच उघडतो
आणि अर्धी गिऱ्हाइकं
ते लावून घ्यायला म्हणून आत येतात.
आजोबा त्याचे दालमाशियाहून आले होते, सोनं शोधायला.
हा काचा विकतो.
"घेऊ का?" मी विचारते.
तो आधी काउंटर पुसतो. मग चष्मा.
"नेलिदा, मार्चपर्यंत थांब. नवं येतंय."

मार्चमध्ये येतं नवं,
म्हणजे तिकडे, जगात.
इथे जहाजातून उतरेपर्यंत
पुढच्याची कुजबुज सुरू झालेली असते.
वरातीमागून घोडं,
आणि घोड्यामागून आम्ही, धूळ खात.
जूनमध्ये म्हणतो, आता जुन्याचा भाव उतरेल.
जूनमध्ये डॉलर चढतो.

चार वर्षं झाली. मला सगळं तोंडपाठ आहे:
कोणतं अंधारात पाहतं,
कोणतं उडत्या पक्ष्याचा डोळा धरून ठेवतं,
कोणत्याची बॅटरी थंडीत मान टाकते.
मी फोटो काढते शाळेतल्या वर्गांचे, जे हलत नाहीत,
आणि लोकर कातरणाऱ्या टोळ्यांचे, जे थांबत नाहीत.
पक्ष्याचा डोळा मला कुणी मागितलेला नाही.

जानेवारीत एलेउतेरिओला विचारलं,
कातरीचं पातं कधी बदलता?
मेंढी त्याच्या गुडघ्यांत उताणी होती.
मान वर न करता म्हणाला,
"मेंढी सांगते."

मग नोव्हेंबर. सामुद्रधुनी ओलांडून पोर्वेनिर,
फेरीत दोन तास, पोटात नुसती कॉफी.
शाळेच्या पायऱ्यांवर अकरा मुलं,
केसांना पाणी लावून चोपून बसवलेली.
मी म्हटलं, तीन, दोन,
आणि आत काहीतरी मोडलं.
वाळकी काडी मोडावी, तेवढाच आवाज.
काळोख.

मुलं हसतच राहिली.
थांबा असं कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.
मी बॅटरी काढली, घातली, फुंकर मारली,
आईला आठवलं, पाद्र्याला आठवलं, ज़्वोनिमिरला तर फारच.
सगळ्यांत धाकटा, पुढच्या दोन दातांची खिडकी असलेला,
ओठ थरथरायला लागले तरी हसत होता.
आता याला कसं सांगू,
बाळा, मार्चपर्यंत थांब?

बाई म्हणाल्या, मोबाइलवर काढू का?
काढला.
चांगला आला, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

सोमवारी गेले. वाऱ्याने दार उघडलं.
"काचेत जे आहे, ते दे."
"हे? पण याचं पुढचं तर..."
मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.
त्याने तोंड मिटलं, दहा हप्ते मांडले,
आणि चार वर्षांत पहिल्यांदा
गळ्यातला पट्टा फुकट दिला.

पहिला फोटो त्याचाच, रिकामं खोकं हातात धरलेला.
हिरवी चौकट त्याच्या डोळ्यावर जाऊन बसली
आणि तो दाराकडे बघायला लागला तरी
हटली नाही.
मी मोठा करून पाहिला. डावा कोपरा.
काही नाही. स्वच्छ भिंत.
तरी अंगठा गेलाच तिथे,
पुसायला.