मोजा

दर मार्चात त्या बाई येतात, लान्सिंगच्या कचेरीकडून.
बूट दाराशी काढतात, एवढं मात्र मानायला हवं.
मग माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून विचारतात :
मोजे घालायला किती मिनिटं लागतात, मिस केटुनेन?

कुठले मोजे?
लोकरीचे की सुती? पाय सुजलेल्या दिवशी की बऱ्या?
उजवा पाय गरीब आहे, कुठेही जातो.
डाव्याची मर्जी सांभाळावी लागते.
मोजा बाई, मोजा.
त्या लिहितात : चार.

अंघोळ : अठरा.
पलंगावरून खुर्चीत : सहा.
केस विंचरण्याला रकाना आहे,
भांग कुठून पाडायचा यावर मार्लिसशी
रोज होणाऱ्या भांडणाला नाही.

मार्लिस सहाला येते. लेक लिंडनहून, रात्रभर
बेकरीत पेस्ट्यांच्या कडा दुमडून.
तिच्या बोटांना कांद्याचा आणि सलगमचा वास.
टोस्ट मला करपलेला लागतो, अगदी काळा,
ती नाक मुरडते आणि करपवते.
बावीस वर्षं मी पांढरा, ओला पाव खाल्ला आहे
त्या विटांच्या मोठ्या इमारतीत,
जिथं साडेचारला संध्याकाळचं जेवण
आणि आठला दिवे बंद, जूनमध्येसुद्धा,
बाहेर लख्ख उजेड असताना.
तिथं मोजे एका टोपलीत असायचे. सगळ्यांचे.
हाताला येईल तो पायात.
नऊ वर्षांची होते तेव्हापासून
एकतीस होईपर्यंत
माझा असा मोजा नव्हता.

आता एक खण आहे. चौदा जोड.
एकावर रेनडियर, तो नाताळ सोडून कधीही घालते.

जानेवारीत एकदा वादळ आलं,
पूल बंद, मार्लिस पलीकडे अडकलेली.
मी पडून छत बघत होते.
समोरच्या रेनो सारीला ठाऊक आहे :
सातपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात दिवा नाही,
म्हणजे काहीतरी बिनसलं.
आला. हातात फावडं, भुवयांवर बर्फ,
एकोणऐंशी वर्षांचा, खाणीत उभा जन्म गेलेला माणूस,
आणि कुठं बघावं ते कळेना त्याला.
खिडकीकडे तोंड करून म्हणाला, सांग.
मी सांगत गेले. हात इथं. नाही, कोपराखाली.
आता तीन म्हण आणि उचल.
मोजे त्यानं उलटे घातले, टाच वर आलेली.
पंचवीस मिनिटं.
मी काही बोलले नाही, दिवसभर तसेच ठेवले.
टोस्ट त्याला न सांगता करपला.

यंदाचा शेवटचा प्रश्न : विनामोबदला मदत करणारं
कुणी आहे का? शेजारी, नातलग?
हा प्रश्न दिसतो गोड.
हो म्हटलं की तेवढे तास वजा.
हिल्माचे असेच गेले, चर्चमधल्या बायका
तिला रविवारी सूप आणून देत म्हणून.
सुपाचे आठवड्याला पाच तास धरले.

कुणी नाही, मी म्हणाले.
खिडकीबाहेर रेनो माझ्या उतरंडीवरचा बर्फ उपसत होता.
फावड्याचा आवाज आत येत होता, खर्र, खर्र.
बाईंनी मान वर केली.
तो कोण?
बर्फ उपसतोय, म्हटलं.
त्यांची बोटं कळांवर थांबली.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
मग म्हणाल्या, बर्फाला रकाना नाही माझ्याकडे,
आणि लॅपटॉप मिटला.
चांगल्या आहेत की थकलेल्या, अजून ठरवता आलेलं नाही.

दाराशी त्यांच्या एका बुटाची चेन अडकली.
वाकून, भिंतीला टेकून, एका पायावर
बराच वेळ खटपट चालली होती.
मदत करू का, मी विचारलं.
नको नको, जमेल मला, म्हणाल्या.

मी घड्याळाकडे पाहिलं.
सात मिनिटं.