उघडा ड्रम

गावाच्या टाकीत ब्लिचिंग मीच टाकतो,
आठवड्यातून दोनदा, एकोणतीस पायऱ्या चढून,
नाकाला दुपट्टा बांधून.
आणि घरी तेच पाणी ड्रमात भरून
रात्रभर झाकण काढून ठेवतो,
माझंच औषध उडून जावं म्हणून.

पहिले सहा मासे मीच मारले.
दर्यापूरहून पिशवीत आणलेले, नारंगी.
नळ सोडला, पेटी भरली, सोडले.
सकाळी सहाही वर, पोटं छताकडे.
प्रमिला म्हणाली, "गावाले पाजता तेच पाजलं ना त्यायले?"

मग बोअरचं पाणी. आमच्या खारपाणपट्ट्यातलं,
ज्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही.
तपासणी किटमधले उरलेसुरले थेंब टाकले,
नळीतला रंग हिरवा ओलांडून निळ्यात गेला.
लिंबू पिळलं. संध्याकाळी रंग उतरला.
सकाळी पुन्हा निळा.
पुन्हा लिंबू, पुन्हा निळा.
जमिनीखाली इतकी वर्षं चुना चाटत बसलेलं पाणी,
एका लिंबाला काय भीक घालणार?
त्या चढउतारात मासेच थकले.

दुकानातला सादिक हसला.
"काका, लिंबू पोह्यावर पिळा.
तुमच्या पाण्यात जगंल असा मासा न्या ना. मॉली न्या."

पण त्याआधी महिनाभर पेटी रिकामी चालवली.
रोज चिमूटभर खाणं टाकायचो,
कुणासाठी नाही, सडायसाठी.
लोक वाकून बघायचे. "यात मासा कुठं हाये?"
"यायचा हाये."
न दिसणारं काहीतरी स्पंजात घर करत होतं,
घाणीवर जगणारं. त्यालाच आधी पोसायचं होतं.

ते घर प्रमिलानं दिवाळीच्या साफसफाईत
साबणानं लख्ख धुतलं.
दोन दिवसांत पाणी दुधाळ, मॉल्या वर येऊन हवा गिळत.
रागावलो नाही. तिला काय सांगणार,
की त्या कळकट स्पंजात सगळा जीव होता?
ती मात्र तेव्हापासून स्पंजाला हात लावत नाही,
दुरून नमस्कार केल्यासारखी बघते.

आता ठरलंय: तीन बादल्या शिळं नळाचं, एक तांब्या बोअरचं.
दर रविवारी. कमी नाही, जास्त नाही.

परवा रात्री लाइन गेली, ती गेलीच.
पंप बंद. बुडबुडे बंद.
मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघं
गिलासानं पेटीतलंच पाणी उचलून
वरून पेटीत सोडत बसलो,
गार करायला चहा ओततात तसं.
दीड वाजता ती म्हणाली, "तुमी झोपा, मी ओतते."
झोपलो नाही.

सकाळी टाकीवर चढलो.
डबा उघडला. चमचा सपाट केला, बोटानं.
खाली नळावर भांडी लागली होती,
कुणीतरी ओरडलं, "भाऊ, आज वास कमी ठेवजा!"
वरून आमचं टिनाचं छप्पर दिसतं,
आणि अंगणात
तोंड उघडून बसलेला निळा ड्रम.