खिडकी क्रमांक तीन

मे महिना, दुपारचे दोन, पारा शेहेचाळीसवर,
सगळं प्रतापनगर दारं लावून पडलेलं,
तेव्हा कूलरच्या ताट्या बदलायला प्रज्वल मेश्राम आला.
जुनं गवत उपसलं, नवं भरलं, मोटारीला तेल दिलं,
आणि पंप पाणी ओढतो का हे बघता बघता
फरशीवर मांडी घालून मोबाईलवर पत्ते खेळू लागला.
रमी का रे?
"नाही काकू, पोकर. ड्रॉवालं. पैशाचं नाही, नुसत्या चिप्स.
पाच पत्ते भेटते. नाही पटले ते फेकाचे, तितलेच नवे घ्याचे.
एकडावच पण. मंग जे आलं ते आलं."

एकदाच.
एवढं ऐकलं आणि मी चष्मा आणायला उठले.

नाव काय टाकू, त्यानं विचारलं.
एकतीस वर्षं इतवारीच्या शाखेत रोकड सांभाळली,
नावानं कुणी हाक मारलीच नाही.
टाक, म्हटलं, खिडकी तीन.

रात्री टेबलावर चौघं:
एक वाघ, एक गुलाबाचं फूल, एक नुसता काळा गोल,
आणि मी.
पत्ते आले तसा अंगठा आपोआप जिभेकडे गेला.
काचेवर थुंकी. पदरानं पुसली.
चौकटची सत्ती, इस्पिकची सत्ती, किलवरची तिर्री,
एक गुलाम, आणि बदामाची राणी.

चेहरे वाचायची मला सवय.
फाटकी नोट बंडलात दडपून आणणारा
माझ्याकडे नाही, पंख्याकडे बघायचा.
नोट खोटी आहे हे ठाऊक नसलेला निवांत उभा राहायचा,
ठाऊक असलेला माझ्या तब्येतीची चौकशी करायचा.
इथे वाघ डोळे मिचकावत नाही.
त्याच्या नावाभोवतीची हिरवी रेघ कमी कमी होत जाते
आणि तेवढ्यात ओळखायचं,
गडी विचार करतोय, की लघवीला गेलाय.

सहाव्या रात्री हातात काहीच नव्हतं.
पाच पत्ते, पाच अनोळखी माणसं, एकमेकांशी नातं नाही.
मी एकही बदलला नाही.
तसेच धरून ठेवले आणि तीनशे लावले.
गुलाब गेलं. काळा गोल गेला.
वाघ थांबला, थांबला, आणि पत्ते टाकून निघून गेला.
कान तापले माझे.
उठून माठातलं दोन पेले पाणी प्यायले.
आयुष्यात एका रुपयाचा हिशेब खोटा सांगितला नाही,
आणि एकसष्टाव्या वर्षी
वाघाला थाप मारून बसले.

प्रज्वल पुढल्या आठवड्यात पंप बघायला आला, शेजारी टेकला.
"काकू, जोडी ठेवाची, बाकी तिन्ही फेकाचे.
राणी काऊन धरून ठेवली? एकटी हाय ते.
दोनच पत्ते येतीन आता, तिसरी सत्ती कुठून भेटन?"
खरं आहे त्याचं. गणित मलाही कळतं.
अठ्ठ्याण्णव साली भंडाऱ्याची बढती आली होती,
तेव्हा मीही जोडी ठेवली, बाकी फेकलं,
अगदी नियमानं.
त्याला म्हटलं, राहू दे रे, एक पत्ता माझ्या मर्जीचा.
तो हसला. "हरसान, काकू."

हरते. पुष्कळदा हरते.
झोपण्याआधी जुन्या डायरीत रोजमेळ लिहिते:
आरंभी शिल्लक एक हजार, अखेर सहाशे चाळीस.
शाखेत अकरा रुपये कमी पडले
तर पर्समधून भरायचे आणि कुणाला सांगायचं नाही.
आज तीनशे साठ कमी,
आणि कुणाचंच काही गेलेलं नाही.
तरी खाली सही केली, तारखेसकट.

कूलरच्या टाकीतलं पाणी संपलंय,
पंप कोरडा ओरडतोय.
हा एक डाव होऊ दे, मग भरते.