नाव घे

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटीत, खिडक्या नसलेल्या इमारतीत
रात्रीचे दोन चाळीस.
पत्ता एकच, चार आकड्यांचा,
त्यावर बिऱ्हाडं नऊ:
लँगलीचं ड्रायव्हिंग स्कूल,
कुत्र्यांचे केस कापणारी एक बाई,
एबरी आणि मुलगे, अंत्यविधीवाले,
बर्नमची ऑटवे बेकरी.
बाकीचे मला बिलाच्या दिवशी आठवतात.

येणाऱ्याला उंबऱ्यावरच अडवायचं.
नणंद अडवते तसं, दोन्ही हात चौकटीला लावून:
नाव घे, मग आत ये.
तो नाव घेतो. उघड्यावर,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.
कुलूप त्यानंतरचं.
मी त्याच नावाचा दाखला पुढे करते.
तो सही बघतो, सहीवरची सही बघतो, तारीख बघतो,
मगच सुरू होते त्यांची कुजबुज
जी वाटेत कुणाला कळत नाही.

ताऱ्याचाही दाखला मिळतो म्हणा.
एका घराण्याच्या सगळ्या लेकींना चालतो,
नातींना नाही.

माझं नाव एकदा तांदळात लिहिलं होतं,
अंगठीनं, चांदीच्या ताटात.
पाटावर बसले तेव्हा हेमांगी खांबेटे,
उठले तेव्हा शर्वाणी.
त्या तांदळाचा पुढे भात झाला का, विचारलं नाही.
घटस्फोट रेडिंगला झाला,
त्या कागदावर तिसरंच स्पेलिंग.
ऑफिसात मी हेम.
टाडेउश, ज्याला सगळे टेड म्हणतात,
त्यानं सांगितलं, हेम म्हणजे दुमडून शिवलेली कड.
मी म्हटलं, आमच्यात सोनं.
दोघांनी चहा घेतला.

तर फोन. मिसेस ऑटवे.
पाव भट्टीत आहेत, ऑर्डरी उघडत नाहीत,
आणि गल्ल्यावरचं मशीन म्हणतंय
की मी एबरींच्या दारात उभी आहे.
माझा नवरा गेला तेव्हा एबरीच होते, म्हणाली,
चांगली माणसं. पण आत्ता नको.

चूक माझीच. काल दुपारी
बेकरीचं स्वतंत्र बिऱ्हाड मोडून
तिला या पत्त्यावर आणली, पैसे वाचतात म्हणून.
गल्ला जुना, तिच्या नवऱ्यानं घेतलेला.
त्याला नाव घेता येत नाही,
त्याच्या वेळी ती पद्धत नव्हती.
तो नुसती कडी वाजवतो.
मुकाट येणाऱ्याला यादीतला पहिला दाखला मिळतो,
आणि यादी अकारविल्हे लागते.
ए फॉर एबरी.

बेकरीच्या फाइलीपुढे मी दोन शून्यं लावली.
तपासून पाहिलं. रीलोड.
पंखे होते तसेच घोंघावत राहिले.
तिकडून आवाज आला: उघडलं गं बाई.

टेड म्हणाला, हा तात्पुरता उपाय.
हो म्हटलं. खरा उपाय नवा गल्ला,
बाराशे पौंड, आणि तो ती घेणार नाही.
तोवर या पत्त्यावर
जो कुणी नाव न घेता येईल
त्याच्यासमोर आधी पाव येईल, तिरडी नाही.
हे मी नोंदवहीत लिहिलं नाही.
तिथे लिहिलं: क्रम बदलला.

ठेवता ठेवता तिनं विचारलं, कुणाशी बोलले मी?
हेम म्हणणार होते.
मग एकेक अक्षर सांगितलं,
एच फॉर हॉटेल पासून,
साध्या फोनवर, उघड्या तारेवरून,
सगळी सात.

शुक्रवारी रिसेप्शनवर खोका आला,
अजून कोमट, झाकणावर निळ्या पेनानं माझं नाव.
एक अक्षर चुकलेलं.
दाखल्यावर असतं तर
मी दारातूनच परत पाठवला असता.
सही केली, आत घेतला.